थंड नदी, उतारवयातील पावले

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदी ओळखू येऊ नये इतकी पालटते. पावसाळ्यात मातकट रंगाने उसळणारे पाणी आता निवळलेले असते. पात्र आक्रसते आणि तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा इतका स्पष्ट दिसतो. शरद ऋतूतील, दिवसा सूर्याने तापलेल्या आणि रात्री चंद्रप्रकाशात निवलेल्या अशा निर्मळ पाण्याला आयुर्वेदात ‘हंसोदक’ म्हटले आहे. या नदीच्या उगमस्थानाचे नावही हंसकुंड असावे, हा योगायोग मला नेहमी मोठा गोड वाटतो. कुल्लू जिल्ह्यात गुशैनी, बंजार या गावांवरून वाहत ही नदी लारजीजवळ बियास नदीला मिळते. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट माशांच्या शिकारीस बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ. त्यामुळे ऑक्टोबरचा शेवटचा पंधरवडा हा तेथील गळकऱ्यांचा वर्षातील निरोपाचा पंधरवडा ठरतो. मत्स्यविभागाचा परवाना खिशात घालून काठावर उभ्या असलेल्या या मंडळींत पिकल्या केसांची माणसे बरीच असतात.

अशाच एका गृहस्थांविषयी गेल्या वर्षी त्यांची कन्या माझ्याकडे आली. गृहस्थ त्र्याहत्तर वर्षांचे, निवृत्त अभियंता. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेली. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही औषधांनी आटोक्यात. प्रोस्टेटची किरकोळ तक्रार. नोकरीनिमित्त उत्तरेत असताना त्यांना फ्लाय फिशिंगचा नाद लागला, तो सुटला नाही. दरवर्षी दोन जुन्या सहकाऱ्यांसह ते आठवडाभर तीर्थनवर जात. आदल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरले होते. हाड मोडले नव्हते, पण घरात धास्ती बसली. “डॉक्टर, बाबांना या वर्षी तुम्हीच नाही म्हणून सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील,” असे ती म्हणाली.

नाही म्हणणे डॉक्टरला सर्वांत सोपे असते. नकार देणाऱ्या डॉक्टरला पुढे कोणी जाब विचारीत नाही. रुग्ण घरात बसून खचला, त्याच्या मांड्यांचे स्नायू रोडावले आणि वर्षभराने तो बिछान्यावरून उठतानाच पडला, तर त्याचा हिशेब कोणी आदल्या वर्षीच्या नकाराशी जोडीत नाही. वस्तुतः पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करणे हेच पुढे पडण्याचे एक मोठे कारण ठरते. तेव्हा जावे की जाऊ नये, हा प्रश्न मला अपुरा वाटला. नदीत किती खोल, किती वेळ आणि कोणासोबत, हे विचारायला हवे होते. त्यासाठी हा खेळ नेमका काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे गळ म्हटला की गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून स्वस्थ बसणे डोळ्यांसमोर येते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खरे नसते. पिसे, धागा आणि लोकर गुंडाळून बारीकशा गळावर कीटकाची प्रतिकृती बांधलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. हलकी लवचिक काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग काठी पुढे आणायची. दोरी हवेत लांबच लांब वळसा घेत पुढे सरकते आणि टोकाची ‘माशी’ पाण्यावर अलगद टेकते. नवशिका माणूस तो मधला क्षण थांबत नाही आणि सारी दोरी त्याच्याच कानाभोवती गुंडाळली जाते. जोर लावणाऱ्या तरुणांपेक्षा सावकाश माणसाला हे लवकर जमते, असे जाणकार सांगतात. ते खरे असावे, असे मलाही वाटते.

ट्राउट मूळचा आपला नव्हे. ब्रिटिश अमदानीत प्रथम काश्मीरमध्ये आणि मग १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात तपकिरी ट्राउटची अंडी आणून ती उबविण्यात आली. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. दोघांनाही थंड आणि वाहते पाणी लागते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २५ अंशांवर तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. पाणी २० अंशांपलीकडे गेले की या माशाची घुसमट सुरू होते. हे आकडे मुद्दाम दिले. जे पाणी ट्राउटला मानवते ते माणसाच्या शरीराला धोक्याचे असते, ही गोष्ट काठावरच्या सुंदर उन्हात विसरायला होते.

थंड पाण्याचे धोके आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसतात. गोदावरीत किंवा गावच्या विहिरीत पोहलेल्या माणसाला वाटते की आपल्याला पाण्याची सवय आहे. परंतु १५ अंशांहून थंड पाण्यात अचानक पडल्यावर शरीर जे करते ते पोहण्याच्या सरावावर अवलंबून नसते. त्वचेला गारठा झोंबताच मोठा उसासा येतो, श्वास अनावर जोरात चालू लागतो, नाडी आणि रक्तदाब एकदम वाढतात. तो उसासा तोंड पाण्याखाली असताना आला तर पाणी थेट फुप्फुसात जाते. हृदयविकार असलेल्या माणसाच्या हृदयावर याच क्षणी सर्वाधिक ताण येतो. चेहरा बुडाल्यावर नाडी मंद करणारी दुसरी प्रतिक्रिया त्याच वेळी जागी होते आणि या दोन परस्परविरोधी आज्ञांत हृदयाची लय बिघडू शकते. हा झटका साधारण एका मिनिटात ओसरतो. त्यानंतरच्या दहाएक मिनिटांत हातापायांतील बळ जाते, बोटे वळेनाशी होतात. शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर उतरायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे नदीत पडलेला माणूस बहुधा गारठून दगावत नाही. पहिल्या मिनिटात श्वास सावरला नाही किंवा पुढच्या दहा मिनिटांत काठ गाठता आला नाही, तर तो दगावतो. पडल्यास पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत, श्वास शांत होईपर्यंत केवळ तरंगावे आणि वेगवान पाण्यात उभे राहण्याचा अट्टाहास करू नये. पाऊल दोन दगडांत अडकले की प्रवाह माणसाला आडवा करतो.

वृद्ध शरीराची आणखी एक अडचण आहे. वयोमानाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या चटकन आकुंचन पावत नाहीत, हुडहुडी कमी भरते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. “मला काही गार लागत नाही,” हे आजोबांचे वाक्य म्हणूनच पुरावा मानू नये. सोबत्याने लक्ष ठेवायचे ते त्यांच्या बोटांवर आणि जिभेवर. गाठ मारता येईनाशी झाली, बोलणे जड झाले, पाऊल अडखळू लागले, स्वभावात नसलेली चिडचिड दिसली, तर तो दिवस तिथेच संपवावा. ओले कपडे उतरवावेत, डोके आणि धड आधी उबदार पांघरुणात घ्यावे, पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. थंडीवर औषध म्हणून मद्य तर मुळीच देऊ नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते. मधुमेही व्यक्तीत हीच सारी लक्षणे रक्तातील साखर उतरल्यानेही दिसतात. मासा लागेल या आशेने दुपारचे जेवण लांबलेले असते, गोळी मात्र सकाळीच घेतलेली असते. म्हणून साखर मोजण्याचे यंत्र आणि साखरेच्या पुड्या थैलीत हव्यात.

आता निर्मळ पाण्याविषयी. शरदातील नितळ नदी डोळ्यांना फसविते. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वळतात, त्यामुळे सरळ वरून पाहिले तरी चार फूट खोल पाणी तीन फूटच भासते, आणि तिरप्या नजरेला त्याहूनही उथळ. त्यात बहुतेक ज्येष्ठांच्या डोळ्यांवर दूरचे-जवळचे एकत्र असलेला चष्मा असतो. पावलांकडे पाहताना नजर नेमकी खालच्या, वाचनाच्या भागातून जाते आणि दगडाची कड धूसर होते. नदीवरच काय, जिन्यावर आणि फिरायला जातानाही केवळ दूरचा नंबर असलेला वेगळा चष्मा वापरावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. पाण्यावरची चकाकी कापणारी ध्रुवित भिंगे मिळतात. तळ दिसण्यास त्यांचा खराच उपयोग होतो, शिवाय उडत्या गळापासून डोळ्याचे रक्षणही होते. प्रवाहाचे गणितही लक्षात ठेवावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. घोट्याशी गुदगुल्या करणारे पाणी मांडीपर्यंत आले की माणसाला ढकलू लागते ते याचमुळे.

काकांची मी दवाखान्यातच परीक्षा घेतली. ती आपणही घरी घेऊ शकता, फक्त शेजारी कोणीतरी उभे असावे. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. हात छातीशी दुमडून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते तेही मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयोगटात पुरुषांनी १२ आणि स्त्रियांनी १० वेळा तरी उठले पाहिजे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून दहा सेकंद उभे राहता येते का, तेही पाहावे. काका चालण्यात उत्तम उतरले, उठण्यात काठावर, आणि टाचेच्या परीक्षेत सहाव्या सेकंदाला त्यांनी माझ्या टेबलाचा आधार घेतला. ते स्वतःच म्हणाले, “म्हणजे मांडीभर पाणी बंद.” मी म्हटले, “काका, गुडघ्याच्या खाली जेवढं येईल तेवढंच पाणी तुमचं.” त्यांनी ते ज्या समजूतदारपणे स्वीकारले, तसे ते संपूर्ण बंदी स्वीकारू शकले नसते.

पुढील दोन महिने रोज खुर्चीवरून उठणे, ओट्याला हात लावून टाचा उचलणे आणि एका रेषेत चालणे, एवढाच व्यायाम त्यांनी केला. जाण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेतली. ज्यांना थोड्या चढावर छातीत दाटते, चक्कर येते किंवा गेल्या काही महिन्यांत हृदयाचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी हा आग्रह धरू नये, हे मी येथे स्पष्ट लिहितो. उंचीची चिंता मात्र तिथे फारशी नाही. गुशैनी साधारण १,६०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडेच वर आहे. उंचीचा त्रास सहसा अडीच हजार मीटरनंतर सुरू होतो. परंतु जवळच जालोरी खिंड ३,००० मीटरहून उंच आहे आणि आल्या-आल्या ती पाहून येण्याचा मोह सर्वांना होतो. तो पहिल्या दिवशी टाळावा.

औषधांचा विचार घरच्यांनी आधीच करावा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी हात अधिक गार पडतात, आणि साखर उतरल्यावर होणारी धडधडही त्या झाकून टाकतात. जिभेखाली ठेवायची गोळी मोटारीत नको. ती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, वरच्या खिशात आणि सोबत्यालाही ठाऊक असलेल्या जागी हवी. एक विषय पुरुष मंडळी संकोचाने बोलत नाहीत. पाण्यात उतरताना छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालतात, तिला वेडर्स म्हणतात. ती काढायला वेळ लागतो. गारठ्याने लघवीची भावना वाढते, प्रोस्टेटमुळे घाई होते, त्यावर उपाय म्हणून आजोबा सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी एकदम उभे राहताना रक्तदाब उतरून भोवळ येते. गुडघ्याखालच्याच पाण्यात राहायचे ठरले की वेडर्सऐवजी उंच बूट पुरतात आणि ही सारी साखळीच तुटते. काकांच्या कन्येला माझ्या साऱ्या सल्ल्यातील हा भाग सर्वांत व्यवहार्य वाटला. ज्यांना वेडर्स घालायचेच आहेत त्यांनी कमरेला पट्टा घट्ट बांधावा, म्हणजे पडल्यास आत पाणी कमी शिरते. अंगात तरंगजाकीट आणि हातात आधाराची काठी दोन्ही प्रसंगी हवी. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी आणि एक पाऊल पक्के झाल्यावाचून दुसरे उचलू नये. मासेमारीची काठी बहुधा कार्बनची असते. तिच्यातून वीज वाहते, म्हणून डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहून घ्याव्यात आणि ढग गडगडताच ती खाली ठेवावी.

गळ बोटात रुतणे हा या खेळातील नित्याचा अपघात. पाठीमागे टोकदार दात नसलेले गळ मिळतात, ज्येष्ठांनी तेच वापरावेत. तो गेला त्या वाटेने सहज बाहेर येतो आणि माशालाही इजा कमी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरावे. गळ खोल गेला असेल तर दोरी कापून तसाच डॉक्टरकडे न्यावा. डोळ्याजवळचा गळ कोणीही ओढू नये, वरून कागदी पेला ठेवून झाकावा आणि रुग्णालय गाठावे. बंजारला सरकारी रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी कुल्लू गाठावे लागते. हे अंतर डोंगरी रस्त्याचे आहे, याचा अंदाज ठेवूनच धाडस करावे. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल तर निघण्यापूर्वी घ्यावी.

या बदल्यात मिळते काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत १९९६ पासून ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांना फ्लाय फिशिंग शिकविते. दोरी फेकण्याची हळुवार हालचाल शस्त्रक्रियेनंतर आखडलेल्या खांद्याच्या व्यायामाशी मिळतीजुळती आहे, हा तिच्यामागचा विचार. जखमी सैनिकांसाठी २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात असाच उपक्रम सुरू झाला. माशी बांधताना बोटांचे सूक्ष्म कामही आपोआप होते. मी याला औषध म्हणणार नाही. इंग्लंडच्या आयझॅक वॉल्टनने मासेमारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर लिहिला आणि पुढे नव्वद वर्षांचा होऊन तो गेला, म्हणून दीर्घायुष्याचे श्रेय गळाला देण्याचाही माझा विचार नाही. परंतु मधुमेही माणसांचे खांदे आखडलेले मी रोज पाहतो, आणि दोन तास एकाच गोष्टीकडे लक्ष लावून आनंदाने उभा राहिलेला वृद्ध मनुष्य मला फार क्वचित दिसतो.

काका त्या ऑक्टोबरात गेले, कन्याही सोबत गेली. सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढीच वेळ त्यांनी पाळली. त्यात त्यांचे नुकसान काही झाले नाही. शरदाच्या अखेरीस ऊन चढल्यावरच पाण्यावर कीटक दिसू लागतात आणि तेव्हाच मासे हलतात. पाणी आटलेले असल्याने मासे पाण्याच्या तळाशी, खोल डोहांत असतात. म्हणून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीऐवजी बुडणारी, अळीच्या आकाराची माशी लावावी लागते आणि तीही बारीक. पाच दिवसांत त्यांना दोन ट्राउट लागले. हात ओले करून, मासा पाण्याबाहेर न काढताच त्यांनी गळ सोडविला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो, हे त्यांनी मुलीला समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सहकाऱ्याने पलीकडच्या काठावर जाऊ या म्हणून बोलाविले, तेव्हा ते गेले नाहीत. मधल्या प्रवाहात तळाचा एक पट्टा नुकताच धुतल्यासारखा फिकट दिसत होता. विणीच्या तयारीत ट्राउटची मादी शेपटीने वाळू-गोटे उकरून असा खळगा करते, त्यावर पाय पडला तर अंडी चिरडतात. काकांनी सहकाऱ्याला कारण हे सांगितले. कन्या मला म्हणाली, “पाणी गुडघ्याच्या वर होतं, हेही त्यांनी पाहिलं होतं, पण ते बोलले नाहीत.”

नोव्हेंबरपासून नदी बंद झाली. आता ते सकाळी गच्चीवर दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधून सराव करतात. दहा पावलांवर एक परात ठेवलेली असते. कठडा हाताशी राहील असे ते उभे राहतात, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून. गेल्या तपासणीत ते तसे चौदा सेकंद उभे राहिले. मी पाणी मात्र वाढवून दिलेले नाही.